वन्यजीव फोटोग्राफी शिकायचीय? वाशिमच्या माळरानावर सुरुवात कशी कराल, कार्यशाळेत काय शिकवतात आणि कायदा काय सांगतो?

इन्स्टाग्राम उघडलं की पाण्यातून चालत येणारा वाघ, हवेत झेपावलेलं काळवीट किंवा चोचीत मासा धरलेला खंड्या दिसतो. 'असा फोटो आपल्यालाही काढता येईल का?' हा प्रश्न मग मनात येतोच.

उत्तर आहे, हो. त्यासाठी लाखाचा कॅमेरा किंवा ताडोबाची सफारी लागतेच असंही नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात, घरापासून तासाभराच्या अंतरावरही हा छंद शिकता येतो. मात्र चांगल्या कार्यशाळेत कॅमेऱ्याच्या बटणांइतकाच वेळ आणखी एका गोष्टीवर जातो. प्राण्यापासून किती लांब थांबायचं आणि कोणता फोटो काढायचाच नाही, ही ती गोष्ट.

हे शिकणं का गरजेचं आहे, याचं उदाहरण विदर्भातच आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी 'एफ २' नावाची वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले. वनविभागाने चालक आणि गाईडवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. गाड्यांमधल्या अनेकांच्या हातात मोबाईल किंवा कॅमेरा होता. फोटो काढणं त्यांना येत असेलही, थांबणं आलं नाही.

वाशिममध्ये फोटो काढण्यासारखं काय आहे?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा वाघांसाठी ओळखला जात नाही. इथली खरी संपत्ती म्हणजे माळरान, झुडपी जंगल आणि सिंचन प्रकल्पांचे जलाशय. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयच आहे. घनदाट जंगलात उजेड कमी असतो आणि प्राणी क्षणभर दिसून झाडीत जातो. माळरानावर उजेड भरपूर असतो, प्राणी लांबून दिसतो आणि त्याला बराच वेळ पाहता येतं.

कारंजा-सोहोळ अभयारण्य: कारंजा तालुक्यातलं सुमारे १८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य काळविटांसाठी राखलेलं आहे. काळवीट हा गवताळ प्रदेशातला प्राणी. मादी तपकिरी असते. नर वयात येताना काळा होत जातो आणि त्याची शिंगं पिळदार असतात. रोही म्हणजेच नीलगाय, कोल्हा आणि माळरानावरचे पक्षीही या भागात दिसतात.

काटेपूर्णा अभयारण्य: अकोला आणि वाशिम जिल्ह्यांच्या सीमेवरचं हे अभयारण्य १९८८ सालचं आहे. काटेपूर्णा नदी आणि धरणाभोवतीचं हे पानगळीचं जंगल चौसिंग्यासाठी ओळखलं जातं.

जलाशय: वाशिम शहराजवळचा एकबुर्जी प्रकल्प आणि कारंजाकडचा अडाण प्रकल्प अशा ठिकाणी पाणपक्ष्यांवर हात बसवता येतो. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे स्थलांतरित पक्षी उतरतात.

घराचा परिसर: विहिरीवर लोंबणारी सुगरणीची घरटी, तारेवर बसलेला वेडा राघू, बांधावरचा नीलपंख, अंगणातले सातभाई. सरावासाठी यांच्याइतके चांगले 'मॉडेल' नाहीत, कारण ते रोज भेटतात.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवरही फार लांब नाही. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कार्यशाळेत नेमकं काय शिकवतात?

कार्यशाळा अर्ध्या दिवसापासून दोन-तीन दिवसांच्या निवासी शिबिरापर्यंत वेगवेगळ्या असतात. साधारणपणे त्यांचे तीन भाग पडतात: आधी वर्गात कॅमेऱ्याची ओळख, मग प्रत्यक्ष रानात सराव आणि शेवटी काढलेल्या फोटोंवर चर्चा.

पहिला भाग: कॅमेरा

फोटोत उजेड किती येणार हे तीन गोष्टी ठरवतात. शटर स्पीड म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहतो, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती मोठं आहे आणि आयएसओ म्हणजे मिळालेल्या उजेडाला कॅमेरा किती वाढवून दाखवतो. यातली एक बदलली की दुसरीला जुळवून घ्यावं लागतं.

वन्यजीवांच्या फोटोत सगळ्यात आधी शटर स्पीड ठरवावा लागतो. अंदाज यावा म्हणून काही ढोबळ आकडे:

• उभं असलेलं किंवा चरणारं काळवीट: १/५०० सेकंद
• पळणारं काळवीट: १/१६०० ते १/२००० सेकंद
• उडणारा छोटा पक्षी: १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद
• मुद्दाम धूसर पार्श्वभूमी ठेवून वेग दाखवायचा असेल, तर कॅमेरा प्राण्यासोबत फिरवत १/३० ते १/६० सेकंद

काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतं. त्यामुळे १/२०० सेकंदावर काढलेल्या फोटोत पाय नव्हे, पायांच्या रेघा दिसतात.

काळविटाचा फोटो आणखी एका कारणाने अवघड असतो. नराची पाठ जवळपास काळी, पोट पांढरं आणि डोळ्याभोवतीही पांढरं वर्तुळ असतं. कॅमेरा काळ्या रंगाला पाहून फोटो उजळ करायला जातो आणि पोटाचा पांढरा भाग जळाल्यासारखा होतो. एकदा जळालेल्या भागातला तपशील नंतर कोणत्याही ॲपमध्ये परत येत नाही. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन थोडं कमी करून, म्हणजे उणे एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांशवर ठेवून बघायला सांगतात. बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्याचा गडद पाण्यावर फोटो काढतानाही हीच युक्ती चालते.

फोकस मात्र नेहमी डोळ्यावर. शिंगं थोडी धूसर असली तरी चालतं, पण डोळा धूसर असेल तर फोटो फसल्यासारखा वाटतो.

दुसरा भाग: उजेड आणि जागा

सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दीड-दोन तास सर्वात चांगले. तेव्हा उजेड तिरपा आणि मऊ असतो, प्राणीही जास्त हालचाल करतात. माळरानावर त्याला आणखी एक कारण आहे. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. लांबच्या लेन्समधून ही थरथर वाढून दिसते आणि महागड्या कॅमेऱ्यानेही फोटो धूसर येतो. अनेक नवशिके लेन्सला दोष देतात, पण दोष दुपारच्या अकराचा असतो.

दुसरी शिकवण, कॅमेरा खाली आणा. उभं राहून काढलेल्या फोटोत प्राणी बुटका दिसतो आणि मागे नुसती जमीन येते. बसून किंवा पालथं पडून काढला तर कॅमेरा प्राण्याच्या नजरेच्या पातळीवर येतो. त्याआधी जागा नीट पाहून घ्यायची, कारण साप, विंचू आणि काटे याच गवतात असतात. ट्रायपॉड नसेल तर जाड कापडी पिशवीत तांदूळ किंवा हरभरे भरून त्यावर लेन्स टेकवता येते.

तिसरा भाग: प्राणी वाचायला शिकणं

चांगली आणि सामान्य कार्यशाळा यांतला फरक इथे कळतो. काळविटांच्या कळपाकडे जाताना पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवायला शिकवतात.

• कळप चरतोय, शेपट्या हलताहेत: सगळं ठीक आहे.
• एक-दोघांनी चरणं थांबवून मान वर केली, कान तुमच्याकडे वळवले: तुम्ही दिसला आहात. जिथे आहात तिथेच थांबा, शक्यतो बसा.
• सगळ्या माना वर आणि कळप हळूहळू लांब सरकतोय: तुम्ही जास्त जवळ आलात. मागे फिरा.
• एखादं काळवीट उंच उड्या मारत निघालं: कळपाला धोका वाटतोय. फोटो भारी येईल, पण तो तुमच्या चुकीचा फोटो असेल.

सरळ प्राण्याच्या दिशेने चालत जाऊ नये, तिरकं जावं. थांबत जावं. सगळ्यात उत्तम म्हणजे जाऊच नये, एका जागी बसून राहावं आणि प्राण्याला येऊ द्यावं. जिप्सी किंवा गाडीत असाल तर खाली उतरू नये. बरेच प्राणी गाडीला सरावतात, पण गाडीतून उतरलेला माणूस दिसताच पळतात.

आणखी एक गोष्ट. काळविटाची मादी पाडसाला सुरुवातीचे काही दिवस गवतात लपवून लांब चरायला जाते. असं एकटं पाडस दिसलं तर ते 'हरवलेलं' नसतं. त्याला उचलणं, हात लावणं किंवा जवळ बसून फोटो काढणं म्हणजे त्याच्या आईला परत येण्यापासून रोखणं.

कॅमेरा कोणता घ्यायचा?

पहिल्या कार्यशाळेआधी काहीच घेऊ नका, हा सगळ्यात व्यवहारी सल्ला. कार्यशाळेत इतरांचे कॅमेरे हाताळून बघता येतात आणि आपल्याला नक्की कशात रस आहे हे कळतं.

• मोबाईल: फुलपाखरं, कोळी, घरटी नसलेली झाडं, निसर्गदृश्यं यांसाठी पुरेसा. लांबच्या प्राण्यासाठी डिजिटल झूम उपयोगाचा नाही, तो फक्त फोटो कापून मोठा करतो.
• सुपरझूम कॅमेरा: लेन्स बदलता येत नाही, पण झूम प्रचंड असतो. कमी उजेडात आणि वेगवान हालचालीत कमी पडतो. पक्षी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी सोयीचा.
• डीएसएलआर किंवा मिररलेससोबत ७०-३०० मिलिमीटरची लेन्स: छंद म्हणून सुरुवात करायला चांगली जोडी. जुना कॅमेरा घेतला तरी चालतो.
• १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची लेन्स: पक्ष्यांची खरी आवड लागल्यानंतरचा खर्च.

लेन्स जितकी लांब पोहोचणारी, तितकं प्राण्यापासून दूर राहता येतं. आणि ती लेन्स नसेल तर जवळ जाण्याऐवजी प्राणी लहान ठेवून त्याच्याभोवतीचं माळरान दाखवायचं. सूर्यास्ताच्या गवतात उभं असलेलं छोटंसं काळवीट अनेकदा क्लोज-अपपेक्षा जास्त सांगून जातं.

कायदा काय सांगतो?

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. काळवीट या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांमध्ये येतं. फोटोग्राफरला यातल्या दोन गोष्टी माहीत हव्यात.

एक, अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो त्यात अभ्यास, संशोधन, पर्यटन यांच्यासोबत फोटोग्राफीचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०२२ च्या दुरुस्तीत अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम न होऊ देता, ही अटही त्यात आली. त्यामुळे कारंजा-सोहोळ किंवा काटेपूर्णाला जाण्याआधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करणं ही पहिली पायरी. ड्रोन उडवायचा विचार परवानगीशिवाय करूच नका.

दोन, आणि हे अनेकांना माहीत नसतं, कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणं, त्याचा पाठलाग करणं, आमिष दाखवणं हेही त्यात येतं. इतकंच नाही, तर रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेसुद्धा. म्हणजे फोटोसाठी मोटरसायकलवरून कळपाच्या मागे लागणारा किंवा घरटं दिसावं म्हणून समोरची फांदी तोडणारा माणूस कायद्याच्या नजरेत शिकाऱ्याच्या रांगेत उभा राहू शकतो.

फांदी तोडली की घरट्यावर थेट ऊन पडतं आणि कावळ्याला वा सापाला ते सहज दिसतं. पिल्लांचा फोटो शंभर लाइक्स मिळवतो आणि संध्याकाळपर्यंत पिल्लं नसतात. म्हणूनच अनेक स्पर्धा आणि फोटोग्राफीचे गट घरट्यातले फोटो स्वीकारत नाहीत.

स्पर्धांचे नियमही कडक असतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेचा २००९ चा विजेता फोटो होता फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. तो लांडगा पाळीव असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतलं.

लोकेशन टाकू नका असं का सांगतात?

याचं उत्तर वाशिमच्याच माळरानावर मिळतं. अकोला-वाशिमच्या गवताळ पट्ट्यात पावसाळ्यात तणमोर दिसल्याच्या नोंदी आहेत. कोंबडीएवढा हा पक्षी. विणीच्या काळात नर मादीला आकर्षित करण्यासाठी गवतातून पुन्हा पुन्हा हवेत उंच उडी घेतो. फोटोग्राफरसाठी हे दृश्य म्हणजे पर्वणीच.

पण तणमोर आज 'अतिसंकटग्रस्त' म्हणजे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांमध्ये मोडतो. त्याची उडी म्हणजे त्याच्या प्रजननाचा काळ. एका पोस्टमध्ये नेमकी जागा कळली आणि पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहिल्या, तर तो त्या हंगामात तिथे विणीला थांबेलच असं नाही.

कारंजा (लाड) इथली 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजासोबत गवताळ प्रदेश आणि तणमोर वाचवण्याचं काम करते. ज्या समाजाकडे पिढ्यान् पिढ्या शिकारीचं ज्ञान होतं, त्याच समाजाचं पक्ष्यांच्या सवयींचं, गवताचं आणि आवाजांचं ज्ञान इथे राखणीसाठी वापरलं जातं. माळरान वाचायला शिकायचं असेल, तर अशा स्थानिक जाणकारांइतका चांगला शिक्षक नाही.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. पोस्ट करताना गावाचं नाही, फार तर जिल्ह्याचं नाव लिहा. आणि दुर्मिळ प्राण्याचा फोटो हंगाम संपल्यावर टाका. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे ई-बर्डसारखे मंचसुद्धा काही संवेदनशील पक्ष्यांचं नेमकं ठिकाण आपोआप झाकतात.

शेतातून जाताना

वाशिममध्ये काळवीट फक्त अभयारण्यात राहत नाही. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या शेतातही त्याचे कळप फिरतात. पाहुण्याला जे दृश्य सुंदर वाटतं, त्यात शेतकऱ्याला खाल्लेलं पीक आणि जागलीच्या रात्री दिसतात. त्यामुळे विचारल्याशिवाय धुऱ्यावरून शेतात शिरू नये, उभ्या पिकातून चालू नये. दोन शब्द बोललं तर कळप कुठे आणि किती वाजता येतो हे शेतकऱ्याइतकं अचूक कुणी सांगत नाही.

समृद्धी महामार्गही याच पट्ट्यातून जातो. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या भागातून तो गेल्यामुळे प्राण्यांसाठी खालून-वरून जाण्याचे मार्ग बांधावे लागले. महामार्गावर फोटोसाठी गाडी थांबवणं तुमच्यासाठीही जीवघेणं ठरू शकतं आणि बिचकलेल्या प्राण्यासाठीही.

कार्यशाळा कशी निवडायची?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला वन्यजीव सप्ताह आणि ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह, या काळात वनविभाग, महाविद्यालयं आणि निसर्गसंस्था कार्यक्रम घेतात. पक्षी सप्ताहाच्या तारखांमागे दोन वाढदिवस आहेत: ५ नोव्हेंबर अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींचा. 'महाराष्ट्र पक्षीमित्र' ही संघटना आणि १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या उपक्रमांवरही लक्ष ठेवता येईल.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

• एका मार्गदर्शकामागे किती जण असतील?
• रानात किती तास आणि वर्गात किती?
• काढलेल्या फोटोंवर चर्चा होणार का?
• अभयारण्यात जाणार असाल तर वनविभागाची परवानगी घेतली आहे का?
• शुल्कात प्रवेश फी, गाडी, जेवण धरलं आहे का?
• 'अमुक प्राणी शंभर टक्के दाखवू' अशी हमी देतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर सावध व्हा. रानातल्या प्राण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ती पाळायची म्हटलं की आमिष, आवाजाची रेकॉर्डिंग किंवा पाठलाग यांचा आधार घेतला जातो.

कार्यशाळेनंतर काय?

कार्यशाळा दोन दिवसांची असते, हात बसायला महिने लागतात. पहिल्या महिन्यात एकच पक्षी निवडा, उदाहरणार्थ घराजवळच्या तारेवरचा वेडा राघू. तो उडून माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येतो. आठवडाभर नुसतं पाहिलं की तो कधी झेपावणार याचा अंदाज यायला लागतो आणि मग शटर वेळेवर दाबलं जातं. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि हवामान लिहून ठेवा. वर्षभराने हीच वही तुमच्या परिसरातल्या पक्ष्यांची नोंद होते. ओळखलेल्या प्रजाती ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्टवर टाकल्या तर अभ्यासकांच्याही कामी येतात.

घराजवळच्या विषयातून किती लांब जाता येतं, याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. मुंबईचे नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेच्या शहरी विभागात पारितोषिक मिळालं, ते मुंबईतल्याच वस्तीच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोसाठी. २०२० मध्ये पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरचा गौरव झाला तो सह्याद्रीतल्या काजव्यांनी लखलखणाऱ्या झाडाच्या फोटोसाठी. दोन्ही फोटोंमागे महागड्या सफारीपेक्षा परिसराची ओळख आणि वाट पाहण्याची तयारी जास्त होती.

वाशिमच्या माळरानावर बसलेल्या नवशिक्याला पहिल्या सकाळी कदाचित एकही भारी फोटो मिळणार नाही. पण तो उठून निघाला तेव्हाही कळप तिथेच चरत असेल, तर पहिला धडा त्याला नीट समजलेला असेल.